हात लावलेल्यांची यादी

"सुरी चालवता येते का?"

दारातून आत पाऊल टाकल्याबरोबर कुणी असं विचारलं, तर शहाण्या माणसाने आल्या पावली बाहेर पडावं. पण बाहेर पाऊस झोडपून काढत होता, छत्री बसमध्ये राहिली होती, आणि विचारणाऱ्याच्या दोन्ही हातांत उकळत्या सुपाचं पातेलं होतं... म्हणून ती थांबली.

"कुणावर?" तिने विचारलं.

"काकडीवर. चिरणाऱ्या मावशी आल्या नाहीत आज, आणि समोरच्या प्रशिक्षण केंद्रातले तीस शिक्षक अर्ध्या तासात जेवायला येतील. एरवी मी गिऱ्हाइकाला कामाला लावत नाही."

"मी गिऱ्हाईक नाही. पावसाला कंटाळून आत आलेय."

"मग तर प्रश्नच मिटला," तो म्हणाला, आणि हसला.

त्या हसण्यावर तिने लगेच विश्वास ठेवला नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. आधी तिने त्याची नखं बघितली... कापलेली. मग पातेल्यांवरची झाकणं, मग फडकं, मग फरशी. सगळं लख्ख. तिचा धंदाच संशयाचा होता. साथरोगांच्या संशोधन संस्थेत अकरा वर्षं काढलेली बाई ती. कुठे गोवर उठला, कुठे जुलाब पसरले, की बॅग उचलायची, आजारी माणसाच्या उशाशी बसायचं आणि विचारायचं... काय खाल्लंत, कुठलं पाणी प्यायलात, कुणाकडे गेला होतात? घरी भाऊ तिला 'साथवाली' म्हणायचा. नऊ वर्षांपूर्वी खाणकामगारांच्या वस्तीत टायफॉइडची साथ शोधता शोधता ती स्वतःच तापाने फणफणली होती आणि महिनाभर अंथरुणाला खिळली होती. त्यानंतर तर ती परक्या घरचं पाणीसुद्धा दहा प्रश्न विचारल्याशिवाय पीत नसे.

ती बेसिनपाशी गेली. साबणाची बाटली रिकामी.

"खानावळीत साबण नाही?"

"आत्ताच संपलाय. आत्याला सांगितलंय आणायला, पण ती फोनवर आहे."

गल्ल्यावर बसलेली त्याची आत्या फोनवर कुणाच्या तरी सुनेचा समाचार घेत होती. ती फोन ठेवेपर्यंत शिक्षक जेवून घरी गेले असते. नाक मुरडत तिने नुसत्या पाण्याने हात खळखळून धुतले आणि सुरी उचलली.

"इतक्या सारख्या चकत्या?" जाता येता तो डोकावला. "काय करता तुम्ही?"

"रोगाच्या साथी कुठून आल्या ते शोधते."

"म्हणजे पोलीस."

"पोलिसांचं काम सोपं. त्यांच्या चोराला निदान आपण चोरी केल्याचं माहीत असतं. माझ्याकडचा बिचारा ठणठणीत असतो, जंतू मात्र त्याच्या पोटात घर करून बसलेले असतात."

"आणि तुम्हाला तो कसा सापडतो?"

"सगळ्यांवर संशय घेऊन."

"माझ्यावरसुद्धा?"

तिने मान वर केली. तो पातेलं ढवळायचं सोडून तिच्याकडेच बघत होता... "तुमच्यावर सगळ्यात आधी," ती म्हणाली, आणि उगाचच काकडीची एक चकती जाड कापली गेली.

दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता, तरी ती जेवायला गेली. तिसऱ्या दिवशीही. संस्थेपासून खानावळ चार मिनिटांवर होती, त्यामुळे कारण शोधायची गरज नव्हती, पण तिने ते शोधलं... संस्थेच्या कॅन्टीनमधलं तेल बरोबर नाही. तो तिच्या ताटात पावाचा एक तुकडा जास्त ठेवायचा. ती शेजारच्या टेबलांवरचे तुकडे मोजायची. हा सगळ्याच बायकांना असा वाढतो का?

"काय मोजताय?" एकदा त्याने पकडलंच.

"काही नाही."

"फक्त तुम्हालाच आहे. विचारायचं ते सरळ विचारा की."

ती कानापर्यंत लाल झाली. रात्री अंथरुणावर मात्र तिला वाटलं, इतकं अचूक बोलणारा माणूस आधी कुणाकुणाशी असं बोलला असेल? गोड बोलणारी माणसं तिने अकरा वर्षांत पुष्कळ ऐकली होती. पाणी उकळूनच पितो म्हणून शपथ घेणारे सगळे गोडच बोलत.

अशी चौदा जेवणं झाली. पंधराव्या दिवशी रुग्णालयातून संस्थेत फोन आला. टायफॉइडचे चार रुग्ण, चौघेही प्रशिक्षणाला आलेले शिक्षक. पुढच्या पाच दिवसांत आकडा अकरावर गेला. दहा शिक्षक, आणि अकरावी खानावळीची आत्या.

संस्थेच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. त्यांनी तपास तिच्याकडे दिला, तेव्हा तिने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "सर, मी तिथे रोज जेवते."

"मीही जेवलोय. सूप बरं असतं. तुला ताप आहे?"

"नाही."

"मग जा."

ती गेली, पण मनात एक गाठ मारून. आवडत्या माणसाला सूट दिली असं कुणी म्हणता कामा नये. उद्या आपल्या मनानेही म्हणता कामा नये. म्हणून तिने त्याचा असा जाच केला, जो एरवी तिने कुणाचाच केला नसता. खानावळीच्या दाराला बंदीचा कागद स्वतःच्या हाताने चिकटवला. पाण्याची टाकी तपासली, भाजीवाला तपासला, फ्रीजचं तापमान तीनदा घेतलं. मग त्याला समोर बसवून तिने तीन छोटे डबे टेबलावर मांडले.

"शौचाचे नमुने. तीन दिवस, रोज एक. जंतू रोज बाहेर पडतीलच असं नसतं, म्हणून तीन."

तो डब्यांकडे बघत राहिला. "डबा घेऊन भेटायला येणाऱ्या मुली माझ्या मित्रांना मिळाल्या. मला रिकामे डबे देणारी मिळाली."

"हसू नका. अकरा माणसं तापात पडलीत."

"त्यातली एक माझी आत्या आहे, डॉक्टर. आईच्या मागे तिनेच वाढवलंय मला. हसलो नाही तर काय करू, ते तुम्हीच सांगा."

तिने कोरा कागद पुढे सरकवला. "गेल्या महिन्यात या स्वयंपाकघरात अन्नाला ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्या सगळ्यांची यादी द्या. एकही माणूस सुटता कामा नये."

त्याने पेन घेतलं. लिहिलं, थांबला, काहीतरी खोडलं, आणि कागद परत दिला. चार माणसं... तो, आत्या, चिरणाऱ्या मावशी, भांडीवाले काका. पाचवी ओळ मात्र इतकी गिरगटून खोडली होती की कागद फाटायला आला होता.

"हे काय?"

"चुकून लिहिलं."

"कुणाचं नाव?"

"कुणाचंच नाही," तो म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्याने नजर चुकवली.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. तिला नाही कळलं. हसू नका तिला. डॉक्टर यादी करतो, यादीत बसत नाही, ही त्या धंद्यातली जुनी सवय आहे. आणि त्या काकडीच्या दुपारची नोंद तिच्या मनात कामाच्या कप्प्यात नव्हतीच. ती अशा कप्प्यात होती, जो ती झोपताना उघडायची आणि सकाळी बंद करून कामावर यायची.

त्यामुळे तिच्या डोक्यात त्या खोडलेल्या ओळीचा भुंगा लागला. कुणीतरी होतं. कुणीतरी स्वयंपाकघरात आलं होतं, आणि हा त्या व्यक्तीला वाचवत होता. बाईच असणार. पुरुषासाठी कुणी एवढं गिरगटून खोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रुग्णालयात आत्याच्या पलंगापाशी प्रश्नावली घेऊन बसली. ताप उतरणीला लागला होता, त्यामुळे जीभ पुन्हा पूर्वीसारखी चालायला लागली होती.

"आत्या, स्वयंपाकघरात बाहेरचं कुणी येत होतं का?"

"मी गल्ल्यावर असते गं, पोरी. माझी पाठ त्या बाजूला." आत्याने उशी सारखी केली. "पण त्याच्या मनात कुणीतरी आहे हल्ली. मीठ दोनदा घालतो. विचारलं तर सांगत नाही."

"कोण आहे?"

"हा प्रश्न तुझ्या कागदावर आहे का?"

"...नाही."

"मग का विचारतेस?" म्हातारी अशा नजरेने बघायला लागली की तिने घाईघाईने पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला... पिण्याचं पाणी कुठलं?

नमुन्यांचे निकाल आले. मावशी, काका, आत्या, यांच्यापैकी पोटात जुने जंतू बाळगणारं कुणीच नव्हतं. आत्याच्या नमुन्यातले जंतू ताजे, या साथीतलेच होते. आणि त्याचे तिन्ही नमुने स्वच्छ. तिला इतका आनंद झाला की तिने स्वतःवरच संशय घेतला आणि प्रयोगशाळेला पुन्हा तपासायला सांगितलं. पुन्हा स्वच्छ. पाणी स्वच्छ, भाजी स्वच्छ. उरली ती खोडलेली ओळ.

खानावळ बंद होऊन अकरा दिवस झाले होते. ती गेली तेव्हा तो रिकाम्या टेबलांवर उलट्या खुर्च्या ठेवून त्यांच्यामध्ये नुसता बसला होता.

"तुम्ही कुणाला तरी वाचवताय," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

"हो."

ती चपापली. तो नाकारेल, अशी तिची तयारी होती. "तुमची आत्या मरता मरता वाचलीय. तुमचं दार बंद आहे. आणि तरी तुम्ही तिचं नाव सांगत नाही?"

"तिचं कशावरून?"

"बाईच आहे ना?"

"आहे."

"फार... जवळची आहे का?"

"माझ्या बाजूने. तिचं काही कळत नाही. ती माझ्याकडे येते आणि माझी नखं बघते." तो उठून उभा राहिला. "डॉक्टर, त्या दिवशी काकडी तुम्ही चिरली होतीत. मी तुमचं नाव लिहिलं आणि खोडलं. तपास करणारी बाईच इथे राबत होती असं लिहून दिलं, तर तुमच्या नोकरीचं काय होईल, एवढंच आलं मनात. तुमच्यापासून काही होईल असं माझ्या डोक्यातही नव्हतं."

ती उलट्या खुर्चीचा पाय धरून उभी राहिली. रिकामी साबणाची बाटली. नुसतं पाणी. खाणकामगारांची वस्ती, नऊ वर्षं... टायफॉइडचे जंतू पित्ताशयात वर्षानुवर्षं गुपचूप बसतात, हे ती दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना शिकवत होती.

"मला एक रिकामा डबा हवाय," ती म्हणाली, आणि वळून चालायला लागली. संस्थेत असले डबे कपाट भरून होते. पण त्या क्षणी तिला ते सुचलं नाही.

तिचा पहिला नमुना स्वच्छ आला. तिसराही. दुसऱ्यात जंतू होते, आणि प्रयोगशाळेने ते शिक्षकांच्या जंतूंशी ताडून पाहिले तेव्हा एकच निघाले. निकालाच्या कागदावर स्वतःचं वय आणि स्त्री असा शेरा वाचताना तिला ते कुणा तिसरीचंच वाटत होतं. शेवटचा शिक्षक आदल्याच दिवशी बरा होऊन घरी गेला होता. ती प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यावर बसून पोटभर रडली. मग तोंड धुऊन सरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. काकडीसकट.

सरांनी निकालाचा कागद घेऊन वाचला. मग म्हणाले, "तपास आता माझ्याकडे. गोळ्या आजपासून सुरू, अठ्ठावीस दिवस. पुढे चौकशी होईल, तुला ठपका बसेल. आणि अहवाल मात्र तूच लिहायचास. सगळा. दुसऱ्याचं लिहितेस तसा."

त्याला तिने फोनवर सांगितलं. समोर जायचं धाडस झालं नाही. "तुमच्या खानावळीत टायफॉइड मी आणला. आत्याला मी आजारी पाडलं. आणि संशय तुमच्यावर घेतला."

"आत्याला मी सांगतो," एवढंच तो म्हणाला, आणि फोन बंद झाला. मग पाच दिवस काहीच नाही. तिनेही फोन केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

त्या पाच दिवसांत तिने अहवाल लिहिला. अशा अहवालाच्या शेवटी एक छापील पान असतं. 'तपास करणाऱ्याचा त्या जागेशी अथवा मालकाशी वैयक्तिक संबंध आहे काय? असल्यास तपशील द्यावा.' अकरा वर्षं तिने त्या ओळीपुढे डोळे झाकून 'नाही' लिहिलं होतं. या वेळी पेन हातात धरून ती अर्धा तास बसली. आयुष्यभर दुसऱ्यांकडून खरं काढून घेतलं, आता आपली पाळी. तिने लिहिलं, 'होय. मालकावर माझं प्रेम आहे. त्यामुळेच मी त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त संशय घेतला आणि स्वतःवर अजिबात घेतला नाही. हे माझ्या बाजूचं. त्यांच्या बाजूचं त्यांना विचारावं.'

सरांनी पान दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे असंच ठेवायचं?"

"खरं आहे, सर."

"बरं. मग नियमाप्रमाणे विचारावं लागेल." आणि बाकी कुणाला पाठवण्याजोगं ते काम नाही असं पुटपुटत, रेनकोट चढवून ते स्वतःच निघाले. ती खिडकीतून बघत राहिली. रिमझिम पावसात सर सावकाश चालले होते, काखेत तिच्या प्रेमाची फाइल, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली.

तासाभराने ते परत आले. फाइल तिच्या टेबलावर ठेवली, आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ते हसत होते की काय, अशी शंका तिला आली. तिच्या ओळींखाली ठळक, आखीव अक्षरात लिहिलं होतं, 'होय, माझ्याही बाजूने. यादीतलं नाव मी त्याच कारणाने खोडलं, ती माझी चूक. मात्र राग आहे. रागासाठी वेगळी ओळ नाही, म्हणून इथेच लिहिला.' खाली सही.

तिने ते चार वेळा वाचलं. आणि तुम्हाला सांगतो, त्यावरही तिला संशय आलाच. दयेने लिहिलं असेल तर? सर समोर बसले होते म्हणून लिहिलं असेल तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खानावळीत गेली. दाराचा कागद निघाला होता, पण आत चिटपाखरू नव्हतं. एरवी या वेळी बसायला जागा मिळायची नाही. रस्त्यावरून जाणारे लोक काचेतून आत बघत होते आणि पावलं उचलून पुढे जात होते. नुकतीच घरी आलेली आत्या गल्ल्यावर शाल गुंडाळून बसली होती. तिने साथवालीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कागदावर नसलेले प्रश्न विचारत होतीस तेव्हाच मी ओळखलं," आत्या म्हणाली. "माफी वगैरे नंतर माग. पंधरा किलो उतरलेय, आधी मला जेवू दे." आणि तिने मुद्दाम फोन उचलून पाठ फिरवली.

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. ती अलीकडेच थांबली, कारण गोळ्यांचे अठ्ठावीस दिवस पूर्ण होऊन नंतरचे नमुने स्वच्छ येईपर्यंत कुठल्याच स्वयंपाकघरात जायची तिला मनाई होती.

"कागदावर लिहिलंत ते खरं आहे?" तिने विचारलं.

"खोटं लिहिलं तर शिक्षा आहे. खाली छापलंय."

"कुठलं खरं? होय, की राग?"

"दोन्ही."

"राग किती दिवस राहील?"

"माहीत नाही. आत्याची शाल दिसली की येतो. तुम्ही दिसलात की जातो. मग पुन्हा येतो."

"आणि सरांनी विचारलं नसतं तर..."

"तर मी आज संध्याकाळी संस्थेत आलो असतो. छत्री घेऊन."

"छत्री कशाला?"

"कारण म्हणून."

"कशावरून? आता सांगताय, पण कशावरून?" तिचा आवाज कापला. "तुम्हाला माझी दया आली असेल, किंवा गिऱ्हाइकं येत नाहीत म्हणून..."

"अगं," तो म्हणाला, अगदी हळू, "एवढा संशय घेऊन दमत नाहीस का तू?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिला एकदम जाणवलं की ती खरंच दमली आहे. आज नाही, या महिन्यातही नाही, कितीतरी वर्षांपासून. तिचे डोळे भरून आले आणि या वेळी तिने ते पुसले नाहीत.

"दमते," ती म्हणाली. "खूप दमते रे."

"मग बस जरा. मी वाढतो."

त्याने खिडकीजवळच्या टेबलावरची खुर्ची सरळ करून दिली. तिच्यासाठी ताट आणलं, स्वतःसाठीही आणलं, आणि तो समोर बसला. काचेपलीकडे दोन शिक्षिका थबकल्या. संस्थेतल्या साथीच्या डॉक्टर इथे जेवतायत, असं एकीने दुसरीला सांगितलेलं तिला ओठांवरून कळलं. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. त्याने टेबलावर ठेवलेल्या हातावर तिने हात ठेवला, आणि सगळ्या रस्त्याला दिसेल अशी, सावकाश, ती पोटभर जेवली.